हाताला लागेल इतक्या उंचीवर

माझ्या माहेरी बाबांचा फोटो भिंतीवर इतका खाली लावलेला होता, की पाहुणा खुर्चीत बसला की बाबा थेट त्याच्या कानाशी यायचे. नवा माणूस हमखास दचकायचा. एकदा माझ्या नवऱ्याची मावशी आमच्या गावी आली होती. तिने मला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारलं, "तुमच्यात असा खाली लावायची पद्धत असते का गं?" मी म्हटलं, "हो मावशी, असते." चहा वर यायला लागला होता, आणि खरं कारण सांगायला बसले असते तर पार उतू गेला असता.

पद्धत आमच्यात नव्हती, आमच्या गल्लीत होती. आमचं गाव त्र्यंबकच्या रस्त्यापासून थोडं आत, डोंगराच्या पायथ्याशी. डोंगराला नाव आहे, पण ते सरकारी कागदावर. आम्ही नुसतं 'डोंगर' म्हणतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कोण नावाने हाक मारतं? त्याच्या पोटातून एक झरा येतो आणि गावाच्या विहिरीला पाणी देतो. लहानपणी आम्ही त्या झऱ्यावर करवंदं धुऊन खायचो. मी लग्न होऊन नाशिकला, गंगापूर रोडला गेले, आणि त्याच सुमाराला डोंगराच्या पाठीमागच्या अंगाने खाण सुरू झाली. आधी डोंगर खोदणारं एक पोकलेन आलं, मग खडीचा क्रशर बसला, मग हायवा म्हणतात त्या मोठ्या टिपर गाड्यांची रांग लागली. शहरात इमारती उभ्या राहत होत्या, त्यांना खडी लागत होती. "आपल्या फ्लॅटच्या भिंतीत तुझाच डोंगर असणार बघ," असं माझा नवरा थट्टेने म्हणायचा. मला ती थट्टा अजिबात आवडायची नाही, आणि तसं मी त्याला सांगितलंही आहे, हातातलं भांडं आपटून.

माझं डोकं जरा गरम आहे, हे आधीच सांगून टाकते. मी शाळेत शिकवते आणि तिथली पोरं मला पाठीमागे 'कुकर' म्हणतात. शिट्टी व्हायच्या आत गप्प बसतात, तेवढं पुरे.

तर खाणीत दुपारी सुरुंग उडवायचे. त्याआधी भोंगा वाजायचा, आणि भोंगा वाजला की आमच्या गल्लीत एकच धांदल. आमचं घर बाबांनी नोकरीत असताना बांधलं. पुढून पक्कं, पण मागच्या भिंती मातीच्या. गल्लीतली बहुतेक घरं तशीच. सुरुंग उडाला की जमीन हादरायची, फळीवरची भांडी नाचत नाचत कडेला यायची आणि धाडकन खाली. म्हणून भोंगा वाजला की सगळं आधीच उतरवून ठेवायचं. बरण्या, कपबश्या, भिंतीवरचं घड्याळ, सगळं जमिनीवर. मग माणसांनी घराबाहेर पडायचं, चौकातल्या जांभळाखाली जाऊन बसायचं. सुरुंग उडाला, धूळ बसली, की आत जाऊन पुन्हा सगळं जागच्या जागी. हे रोज चालायचं.

आईचा उतरवायचा क्रम ठरलेला होता. आधी बुद्धाची मूर्ती, मग बाबांचा फोटो, मग लोणच्याची बरणी. मूर्ती पाटावर, बरणी उंबऱ्याशी, पण फोटो मात्र ती बरोबर घेऊन जायची आणि जांभळाखाली मांडीवर घेऊन बसायची. "तेवढंच बाहेरचं वारं लागतंय गुरुजींना," असं म्हणायची. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, आणि आईसुद्धा गुरुजीच म्हणायची, ते असताना आणि नसतानाही. शेजारची काकू उतरवण्यातून वेळ काढून किटलीभर चहा घेऊन यायची. त्या चहाला 'भोंग्याचा चहा' असंच नाव पडलं होतं. त्या चहावर गल्लीतल्या पोरींची लग्नं जमली, भाऊबंदांची भांडणं मिटली आणि नवी सुरूही झाली. मी माहेरी गेले की मलाही त्यात ओढायचे. शहरातून आलेली म्हणून मला बरण्या उतरवू द्यायच्या नाहीत. "तू फोडशील," म्हणायच्या.

आता ह्यातली खरी गोम ऐका. माझा धाकटा भाऊ त्याच खाणीत हायवा चालवायचा.

शेती आमची तुकडाभर. बाबांचं म्हणणं होतं की पोराने शिकून नोकरी धरावी, पण पोराचा जीव चाकांत. तो क्लीनर म्हणून लागला आणि बघता बघता ड्रायव्हर झाला. पोळ्याला बैल सजवावा तशी तो गाडी सजवायचा. डोंगराच्या अंगावरून वळणं घेत खडी भरलेली गाडी खाली आणणं, हे काम आसपास त्याच्याइतकं सफाईने कुणी करत नव्हतं. आई त्याला सकाळी डबा भरून द्यायची आणि दुपारी त्याच्याच खाणीच्या भोंग्याला शिव्या घालायची. रात्री तो जेवायला बसला की त्याच्या ताटात दोन भाकऱ्या जास्तीच्या. मला ही दोघं कधी कळली नाहीत. मी असते तर एक तर डबा बंद केला असता, नाही तर शिव्या.

बाबा गेले तेव्हा खाण जोरात होती. त्यांचा फोटो मी नाशिकहून फ्रेम करून आणला. भाऊ स्टुलावर चढला, नेहमी लावतात तसा वरच्या बाजूला खिळा धरला. आई म्हणाली, "खाली." त्याने थोडा खाली घेतला. "अजून खाली. माझ्या हाताला आला पायजे. भोंगा वाजला म्हंजी मी काय स्टूल हुडकीत बसू?" भाऊ स्टुलावरून उतरला. आईने भिंतीला हात टेकून दाखवला आणि त्याने तिथे, तिच्या हाताच्या उंचीला, खिळा ठोकला. फोटो खाली का लावायचा, हे त्या घरात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

नंतर आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. मी तिला गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात नेलं, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिला थोडे दिवस माझ्याकडे ठेवून घेतलं. नातवंडांत रमली होती. टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूला माझ्यासकट सगळ्यांची उदाहरणं देत होती. गावी मात्र एका दुपारी भोंगा वाजला तेव्हा घरात कुणीच नव्हतं. भाऊ गाडीवर, भावजय शेतात. सुरुंग उडाला आणि बाबांचा फोटो फरशीवर पडला. भावाने संध्याकाळी काचा गोळा केल्या, दुसऱ्याच दिवशी नवी काच बसवली, फोटो परत लावला आणि कुणाला काही सांगितलं नाही. आई घरी गेली, पिशवी खाली ठेवली, नव्या डोळ्याने फोटोकडे बघितलं आणि म्हणाली, "गुरुजींच्या गालाला काय लागलं?"

फुटलेल्या काचेचा बारीक ओरखडा राहिला होता. भाऊ म्हणाला, "आई, मी लगेच काच बदलली." तिने काचेवरून त्या ओरखड्यावर बोट फिरवलं. मला मात्र फोनवर म्हणाली, "आता मी घर सोडून कुठं ऱ्हायची नाय. भोंगा वाजल्यावर त्यांना कोण उतरवील?" दुसरा डोळा तसाच राहिला. मी विनवण्या केल्या, रागावले, डॉक्टरांना फोनवर दिलं. उपयोग शून्य. आमची आई एकदा नाही म्हणाली की डोंगर हलेल, ती हलायची नाही. आणि डोंगर तर रोजच हलत होता.

त्याच वर्षी गावातले काही जण आणि शहरातली डोंगरात भटकणारी मंडळी मिळून हायकोर्टात गेली. झऱ्याचं पाणी गढूळ येत होतं, उन्हाळ्यात विहीर तळाला जात होती, करवंदाच्या जाळ्या धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या. एक वकीलबाई गल्लीत आल्या आणि जांभळाखाली बसून एकेकीला विचारत होत्या, तुमचं काय नुकसान झालं. कुणी विहिरीचं सांगितलं, कुणी खोकल्याचं. आईने फोटोचं सांगितलं. वकीलबाईंनी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं, की घराचं आणि घरातल्या वस्तूंचं नुकसान. आई म्हणाली, "वस्तू नाय वो बाई, ते गुरुजी हायेत." मग तिने सही केली. बाबांनीच तिला शिकवलेली सही, एकेक अक्षर कोरून काढल्यासारखी.

भावाला हे क्रशरवर दुसऱ्याच कुणाकडून कळलं. त्याने घरी येऊन गाडीची चावी फळीवर आपटली.

"आई, तू माझ्यावर केस केली?"

"तुझ्यावर कशाला करीन? भोंग्यावर केली."

"भोंगा काय आपोआप वाजतो? खाण बंद पडली तर मी काय खायचं?"

"आत्ता काय खातोस? माझ्या हातचंच खातोस ना? मग तेच खा."

मी तिथेच होते. मला हसू यायला लागलं आणि रडूही. माझ्या भावाच्या म्हणण्यात खोट नव्हती, आणि आईच्या म्हणण्यातही नव्हती. अशा वेळी माझ्यासारख्या माणसाने तोंड मिटून बसावं, पण मी कसली बसते! मी दोघांनाही चांगली दहा मिनिटं झापलं. ऐकून दोघं एकदमच माझ्यावर उलटली, आणि त्या दिवसापुरती त्यांची गट्टी झाली.

केस चालली ती आमच्याकडच्या केसेस चालतात तशी, तारखेमागून तारीख. आई एकदा बाकीच्यांबरोबर मुंबईला जाऊन आली. पैठणीच्या काठाची नवी साडी नेसून गेली होती. आली ती रुसूनच. म्हणाली, "लांब दोन माणसं हळू हळू काय तरी बोलली, आन् झाली पुढची तारीख. मला इचारलं पन नाय." अंधार पडायच्या आत परत आली होती, फोटो उतरवायचं काम त्या एका दिवसापुरतं काकूवर सोपवून. मधल्या वर्षांत डबा चालू राहिला, शिव्या चालू राहिल्या आणि जास्तीच्या दोन भाकऱ्याही.

निकाल लागला त्या दिवशी मी शाळेत पेपर तपासत होते. वकीलबाईंनी फोनवर तो सगळाच्या सगळा पाठवला. इंग्रजीत, आणि इतका लांब, की अंगठा दुखला सरकवून. मी अर्धी रजा टाकली आणि थेट गाव गाठलं. आई दारात तांदूळ निवडत होती. तिच्या शेजारी पायरीवर बसून मी वाचायला लागले, वाचता वाचता मराठीत सांगायला लागले. डोंगर आणि झरा आज जगणाऱ्यांचा आहे तसा पुढे जन्माला येणाऱ्यांचाही आहे. खाण बंद करायची. क्रशर उचलायचा. जेवढा खड्डा पाडला तेवढा खाणवाल्याने स्वतःच्या खर्चाने बुजवायचा, वर माती टाकायची, तिथलीच झाडं लावायची आणि ती जगतात का बघायला समिती नेमायची. झाडांचं वाक्य मी दोनदा वाचून दाखवलं. सरकारी भाषेत लिहिलेला कागद मी कधी अशा हौसेने वाचीन, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भोंग्याचं काय लिवलंय?"

"अगं, खाणच बंद म्हटल्यावर भोंगा आपोआप बंद."

"तसं लिवलंय का?"

"तसं लिहायची गरज नाही, आई."

"आन् उद्या वाजला म्हंजी? मी कोर्टाला काय दाखवू?"

"आई!" मी ओरडलेच. "एवढ्या मोठ्या न्यायाधीशांनी लिहिलंय, तुला ते पुरेना?" ती शांतपणे तांदळातला खडा उचलून फेकत म्हणाली, "त्यांच्या घरी कुठं भोंगा वाजतो?"

तेवढ्यात भाऊ आला. त्याला क्रशरवर कळलं होतं. डब्याची पिशवी त्याने खुंटीला लावली आणि आईकडे न बघता विचारलं, "झालं ना मनासारखं?"

आई म्हणाली, "झालं."

खोटं बोलणं तिच्या स्वभावात नाही. 'नाही रे बाबा' असं काहीबाही म्हणाली असती, तर त्याला तेवढाच धरायला आधार झाला असता. पण नाही. झालं म्हणजे झालं. आठवडाभराच्या आत भाऊ आणि भावजय नाशिकच्या सातपूरला एका खोलीत राहायला गेली. तो कुणाच्या तरी टेम्पोवर लागला, कंपन्यांचा माल पोचवायला. जाताना आईला नमस्कार केला, पण पुन्हा कधी येईन ते बोलला नाही.

भोंगा खरोखरच वाजला नाही. पहिले काही दिवस गल्लीला त्याची सवय होईना. वेळ झाली की बायका उगाचच बरण्यांकडे बघायच्या. काकूच्या किटलीचा चहा मात्र सुटला नाही. काम नसताना जांभळाखाली येऊन बसायचं म्हणजे चैनच. झाडाची पानं त्या वर्षी पानांच्या रंगाची दिसली. झऱ्याचं पाणी निवळलं. मी आठवड्याला एक बाटली भरून गंगापूर रोडला आणायची आणि नवऱ्याला ग्लासात ओतून द्यायची. "काढ, आता थट्टा काढ," म्हणायची.

सगळं असं छान चाललेलं, आणि बाबांचा फोटो तांदळाच्या कोठीवर भिंतीला टेकवून ठेवलेला. भाऊ गेला त्याच आठवड्यात तो खिळा ढिला होऊन निघाला होता. इतक्या वर्षांचे हादरे, टिकणार तरी किती? मी म्हटलं, "आई, आत्ता ठोकून देते." म्हणाली, "राहू दे." मी नवऱ्याला आणलं. त्याने हौसेने हातोडी घेतली, पहिला घाव भिंतीवर घातला, दुसरा स्वतःच्या अंगठ्यावर. आईने त्याला हळद लावून दिली आणि म्हणाली, "जावईबापू, राहू द्या. त्याचा तो येऊन ठोकील."

मग माझ्या ध्यानात आलं, ती कशाची वाट बघतेय. पोरगा येईपर्यंत फोटो भिंतीवर जाणार नव्हता, आणि फोटो असा उघड्यावर असताना ती घर सोडून माझ्याकडे राहायला येणार नव्हती. दुसरा डोळा दिवसेंदिवस वाईट होत चालला होता. दारातून आलेल्या माणसाला ती आवाजावरून ओळखायला लागली होती. मी भावाला फोनवर सांगितलं, "अरे, एक खिळा ठोकायला ये. एक! मग जा परत." तो म्हणाला, "ताई, तुझं सगळं खरं हाय, पन गावात शिरलो का लोक इचारत्यात, आईनंच पोराची भाकरी बंद केली का? मी काय सांगू?" आणि आईला म्हटलं, तूच फोन कर, तर ती म्हणायची, "त्याला घरचा रस्ता ठाऊक नाय का? सगळ्या डोंगराची वळणं ठाऊक हायेत." अशी ही दोन माणसं, आणि मधे मी, तव्यावरच्या भाकरीसारखी दोन्ही बाजूंनी भाजलेली.

एके दिवशी भावजयीचा फोन आला. ती अधूनमधून मला चोरून फोन करायची, आईच्या डोळ्याची चौकशी करायला. म्हणाली, "ताई, मी सांगितलं म्हणून सांगू नका हं. खड्डा बुजवायचं काम सुरू होतंय. कुणाच्या तरी गाड्या लागल्यात त्याला. हे स्वतः होऊन गेले विचारायला. म्हणे, त्या वळणांवर नवा ड्रायव्हर गाडी घालील दरीत. सोमवारी पहिली खेप." मला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. पण आईला मी चकार शब्द बोलले नाही. तो येतो म्हणाला आणि आला नाही तर? सोमवारी मी रजा टाकली आणि सकाळीच माहेरी हजर झाले. आईने विचारलं, "शाळा बुडवून काय आलीस?" मी म्हटलं, "चटणी करायला." मग करणं भागच पडलं. मी मिक्सर लावून बसले.

दुपारी डोंगराच्या पाठीमागून आवाज झाला. कसा सांगू? आधी घरघर, आणि मग धडाधड धडाधड, जमिनीतून पायाला जाणवणारा. भोंगा नाही, सूचना नाही, नुसता तो आवाज. मला माहीत होतं की आज गाड्या येणार आहेत. गावात बाकीच्यांनीही ऐकलं असणारच. पण त्या क्षणी अख्ख्या गल्लीतल्या एकाही माणसाच्या डोक्यात ते आलं नाही. हात आपोआप उठले. फळ्यांवरच्या बरण्या खाली आल्या, घड्याळं उतरली, आणि सगळी गल्ली धडपडत जांभळाखाली जमा झाली. काकूच्या एका हातात किटली आणि दुसऱ्या हातात वाफाळता कुकर. एक आजोबा टीव्हीचा फक्त रिमोट घेऊन आले होते. आणि मी, शिकलेली, निकाल इंग्रजीतून वाचलेली, सगळं आधीपासून ठाऊक असलेली मी, चटणीने भरलेलं मिक्सरचं भांडं छातीशी धरून उभी होते. आई केव्हाच येऊन बसली होती. मांडीवर बाबा.

डोंगराच्या वाटेवरून एक माणूस हात हलवत, धापा टाकत पळत येत होता. "पळू नका! सुरुंग नाय! भरायचा दगड हाय, खड्ड्यात भरायचा दगड!" माल टाकून वळणावर आला तेव्हा वरून त्याला गल्ली बाहेर पडलेली दिसली होती, आणि त्याच्याइतकं कुणाला कळणार होतं, आम्ही कशाला बाहेर आलोय ते? गाडी तिथेच सोडून तो धावत सुटला होता. मग काकूने स्वतःच्या हातातल्या कुकरकडे बघितलं आणि जी हसायला लागली, की सगळी गल्ली हसली. रिमोटवाले आजोबा तर डोळे पुसत होते. भाऊही हसला. हसता हसता त्याचं लक्ष आईकडे गेलं आणि तो जागीच थांबला.

आई डोळे बारीक करून बघत होती. "कोण हाय ते?"

"मी हाय, आई."

तिने त्याचा आवाज ओळखला नसेल, असं होणं शक्यच नाही. पळत येताना ओरडला होता तेव्हाच ओळखला असणार. पण 'मी हाय' हे तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, असं मला वाटतं. तिने मांडीवरचा फोटो सावरला. मग म्हणाली, "गाडीत काय भरून आणलंस?"

"आधी दगड, मग मुरूम. वरून माती यायचीय."

"दगड कुठला?"

"इथलाच हाय. क्रशरपाशी ढीग पडून व्हता. इथनंच काढलेला."

"मग हळू टाक," आई म्हणाली. "आपटतोस काय असा? गुरुजी दचकले."

काकूने त्याच्या हातात चहाचा कप दिला. तो उकिडवा बसून आईच्या पायाशी चहा प्यायला. गल्लीतल्या लोकांनी त्याला काहीही विचारलं नाही. ज्यांनी विचारलं असतं, त्यांच्या हातात त्या वेळी घड्याळं आणि बरण्या होत्या.

कप खाली ठेवून आई उठली. "चल घरात. खिळा आन् हातोडी आण."

भावाने घरातली जुनी हातोडी काढली. भिंतीवर जुन्या खिळ्याचं भोक तसंच होतं. त्याच्या शेजारी, त्याच उंचीला, त्याने नवा खिळा टेकवला आणि आईकडे बघितलं.

"वर घे," आई म्हणाली.

त्याने वीतभर वर घेतला.

"अजून वर."

"आई, तुझा हात नाय पोचायचा तिथं."

"नाय पोचला तर नाय पोचला. आता रोज कोण उतरवणार हाय?"

मला रडू आवरेना. मी खुशाल रडले, चटणीचं भांडं हातात धरून. भावाने स्टूल ओढलं, वर चढला आणि दोन घावांत खिळा बसवला. थोडी माती पडली, पण भिंतीने खिळा धरला. मी फोटो पदराने पुसून त्याच्या हातात दिला, त्याने लावला आणि खाली उतरला. इतकी वर्षं पाहुण्यांच्या कानाशी बसलेले बाबा पहिल्यांदाच सगळ्यांच्या डोक्यावरून बघत होते, चारचौघांच्या घरी बघतात तसे.

आई भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. मान वर केली, डोळे बारीक केले, एकदा इकडून बघितलं, एकदा तिकडून. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या त्या डाक्टरला फोन लाव. दुसरा डोळा करून टाकू. एवढ्या वर लावलं ह्यानं, मला दिसाया नको का?"

भाऊ म्हणाला, "मी सोडतो गाडीतनं." आई म्हणाली, "आधी तुझा खड्डा भर." मी फोन लावला.